टॉवर स्पीकर घेताय? मालकांची मतं ऐका, पण आधी त्यांचा हॉल विचारा

दोन-चार लाखांच्या पुढचे टॉवर स्पीकर घ्यायचं मनात आलं की आपण सगळ्यात आधी काय करतो, तर ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना गाठतो. आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. एकाच मॉडेलबद्दल एक मालक सांगतो, ‘बेस नावालाही नाही.’ दुसरा म्हणतो, ‘बेस आवरत नाही, मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे पेटीच्या भोकात, फोमचे बोळे घातलेत.’ तिसऱ्याला ते गोड वाटतात, चौथ्याचे अर्ध्या तासात कान किटतात. यातला कुणीही खोटं बोलत नसतो. प्रत्येकजण आपल्या हॉलमधल्या, आपल्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजणाऱ्या आणि आपण एवढे पैसे मोजून आणलेल्या स्पीकरबद्दल बोलत असतो. तुमच्या घरी यातलं काहीच नसतं.

नवे आणि सेकंडहँड, दोन्ही प्रकारे मी या वाटेने गेलो आहे, आणि आता ओळखीतले लोक मला विचारतात. पहिल्यांदाच मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. होम थिएटरवाल्यांना यातलं निम्मं लागू पडेल. हा लेख दोन स्पीकर आणि गाणं ऐकणारा माणूस एवढ्यापुरताच आहे.

हाताशी काय ठेवायचं

- मोजपट्टी, मास्किंग टेप, वही
- आवाजाची पातळी दाखवणारं फोनवरचं कुठलंही मोफत ॲप
- स्वतःची, वर्षानुवर्षं ऐकलेली आठ-दहा गाणी, पेन ड्राइव्हवर
- सेकंडहँड बघणार असाल तर साधा मल्टिमीटर
- पुढे हौस वाढलीच तर यूएसबी मापन-माइक (मिनीडीएसपीचा यूमिक-१ सर्रास वापरला जातो) आणि आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं मोफत सॉफ्टवेअर

## १. कुणालाही विचारण्याआधी आपला हॉल मोजा

लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून काढा. पीओपीचं सीलिंग असेल तर उंची त्याच्याखालची धरा. आता ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. जे उत्तर येईल त्या हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं असलेल्या स्वराला, तुमची खोली स्वतःच घुमते. हॉल १० बाय १६ असेल तर रुंदीमुळे सुमारे ५६ हर्ट्झ आणि लांबीमुळे सुमारे ३५ हर्ट्झ. यांच्या दुपटी-तिपटीलाही तेच होतं, म्हणजे लांबीच्या बाजूने ७० आणि १०६ हर्ट्झलाही.

याचा गाण्याशी संबंध असा. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला असेल तर मधल्या जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते. म्हणजे १६ फुटी हॉलची दुसरी घुम जवळजवळ खर्जावरच येऊन बसते. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर खर्ज फुगलेला ऐकू येतो. सोफा भिंतीपासून चार फूट पुढे ओढलात तर तोच खर्ज एकदम बारीक होतो. स्पीकर तोच, तंबोरा तोच. तंबोऱ्याचा रंग जवारीमुळे वरच्या स्वरांशांत भरलेला असतो, त्यामुळे त्यात हा फरक थोडा झाकला जातो. डग्ग्यात मात्र तो झाकला जात नाही. मींड घेताना घुमक खालून वर सरकते आणि वाईट खोलीत वाटेतला एखादाच स्वर मोठ्याने ओरडतो, बाकीचे दबतात.

साध्या घरगुती खोल्यांमध्ये २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचाच वरचष्मा असतो. आणि टॉवर स्पीकरचे जास्तीचे पैसे आपण बरेचदा नेमके त्याच पट्ट्यासाठी मोजतो. म्हणून बेसबद्दलचं कुठलंही मत, मालकाच्या खोलीचं माप कळल्याशिवाय, वहीत लिहूसुद्धा नका.

भिंतींचंही बघा. अमेरिकेतली बरीचशी घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती खालचे स्वर थोडे शोषतात, थोडे बाहेर सोडतात. आपल्याकडे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, आणि मायवान शटरिंगच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) नव्या इमारतींत तर आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. बेस कुठे जाणार? घरातच फिरत राहतो. त्यामुळे न्यू जर्सीतला मावसभाऊ ‘बेस जरा कमीच आहे’ म्हणाला तर घाबरू नका, कदाचित तेच मॉडेल तुमच्या फ्लॅटला बरोबर बसेल. पण तोच ‘बेस थोडा जास्त आहे’ म्हणाला तर ते मनावर घ्या.

हॉलला लागून उघडं डायनिंग किंवा पॅसेज असेल तर बेस तिकडे पळतो आणि बरेचदा ते फायद्याचंच ठरतं. ओपन किचनची गृहिणींना सोय आणि आपल्याला बेस-ट्रॅप, म्हणजे जास्तीचा बेस गिळणारी जागा.

खोली १० बाय १२ ची बेडरूम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मोठे टॉवर घेऊ नका. चांगले स्टँडवरचे स्पीकर घ्या आणि पुढे वाटलं तर सबवूफर (फक्त बेससाठीची वेगळी पेटी) जोडा. तीन-चार ड्रायव्हर (पेटीतले आवाज काढणारे सुटे भाग) असलेल्या मोठ्या टॉवरसमोर सहा-सात फुटांवर बसलं की खालचे स्वर काढणारा वूफर वेगळा, वरचे काढणारा ट्विटर वेगळा ऐकू येतो. सगळे ड्रायव्हर एकजीव व्हायला बहुतेक मोठ्या डिझाइन्सना आठ-दहा फूट लागतात. केईएफचा युनि-क्यू किंवा टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेंट्रिक, ज्यात ट्विटर मोठ्या कोनच्या (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूच्या) मधोमध असतो, ते जवळून जास्त समजूतदार असतात.

## २. मालकाला ‘कसे आहेत?’ विचारू नका

या प्रश्नाला ‘अप्रतिम’ एवढंच उत्तर मिळतं. चार लाख मोजलेला माणूस दुसरं काय सांगणार! त्याऐवजी हे विचारा:

- हॉल केवढा, स्पीकर मागच्या भिंतीपासून किती फुटांवर, आणि तुम्ही स्पीकरपासून किती लांब बसता?
- कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवता? आधी दुसरा कुठला लावून बघितला होता का?
- रोज काय ऐकता आणि किती मोठ्याने?
- याआधी कुठले स्पीकर होते, ते का काढले?
- घेऊन किती वर्षं झाली?
- आज हेच पैसे हातात असते तर हेच घेतले असते का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सोन्यासारखी जपा. पहिल्या तीन महिन्यांतलं मत हे नव्या नवलाईचं मत असतं, त्यात चुकीचं काही नाही, फक्त ते स्पीकरबद्दल फार कमी सांगतं. तीन-चार वर्षं नेटाने ऐकणारा माणूस जेव्हा ‘एक खटकतं’ म्हणून सुरुवात करतो तेव्हा पेन काढा. त्याहून मोलाचा माणूस म्हणजे ज्याने तो स्पीकर विकून टाकला तो. त्याला आता कशाचंच समर्थन करायचं नसतं. (अर्थात, तो तुम्हालाच विकत असेल तर गोष्ट वेगळी.)

दिसण्याचा आणि किमतीचा कानावर किती पगडा बसतो याचा एक चांगला पुरावा आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत अनेक वर्षं स्पीकरवर संशोधन केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमन या ऑडिओ कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार स्पीकर, आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच डोळ्यांना दिसताच घसरला आणि मोठे, देखणे स्पीकर वर गेले. ऐकणारे याच धंद्यातले लोक होते. मग चार लाखांचा चेक फाडलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय होत असेल!

आता मतं गाळायची माझी पद्धत. पाच-सात मालक गाठा, निदान दोघांचे हॉल आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांपासून अगदी वेगळे हवेत. वहीत एका बाजूला तक्रारी लिहा, दुसऱ्या बाजूला कौतुक. जी तक्रार एकाच घरातून आली ती त्या घराची. जी तक्रार विटांच्या भिंतींच्या घरातून, काँक्रीटच्या घरातून, छोट्या अ‍ॅम्पवर, मोठ्या अ‍ॅम्पवर सगळीकडून एकाच शब्दांत आली, ती स्पीकरची. कौतुकालाही हाच नियम लावा. बहुतेक वेळा शेवटी वहीत दोनच ओळी उरतात, पण त्या दोन ओळींवर पैसे लावता येतात.

विक्रेत्याच्या मताबद्दल वेगळं सांगायला नको. पण दुरुस्ती करणाऱ्यांना जरूर विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात वर्षानुवर्षं स्पीकर उघडणारे कारागीर आहेत. कुठला ट्विटर वारंवार जळून येतो आणि कुणाचे सुटे भाग मिळता मिळत नाहीत, हे कुठल्याही मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

## ३. ठरावीक वाक्यांचा खरा अर्थ

‘अजून उघडायचेत, तीनशे तास वाजू द्या.’ वूफरचं सस्पेन्शन (कोन झुलता धरणारा भाग) सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं, पण तो बदल लहान असतो आणि बराचसा लवकर होऊन जातो. त्यानंतर जे ‘उघडतं’ ते बहुतांशी आपल्या कानांना सवय होणं. नवा स्पीकर पहिल्याच आठवड्यात कर्कश वाटत असेल तर तीनशे तासांच्या आशेवर परत करायची मुदत घालवू नका.

‘स्टेज पार भिंतीपलीकडे जातो.’ स्टेज म्हणजे गायक-वादक समोर पसरून बसल्याचा भास. विचारा, स्पीकर भिंतीपासून किती पुढे? उत्तर येईल चार फूट, पाच फूट. तुमच्या हॉलमध्ये एवढी जागा सोडली तर टीपॉय कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. मॅग्नेपॅनसारखे पातळ पॅनलचे स्पीकर मागच्या बाजूलाही तेवढाच आवाज फेकतात. त्यांच्या मालकांचं कौतुक मनापासूनचं असतं, पण त्यांच्यामागे निदान तीन फूट मोकळे लागतातच.

‘रेकॉर्डिंगमधलं सगळं उघडं पाडतो.’ हे कौतुकही असू शकतं आणि इशाराही. तुमचं ऐकणं मुख्यतः १९५०-६० च्या दशकांतली भावगीतं, नाट्यगीतं, जुनी फिल्मी गाणी असेल तर ती रेकॉर्डिंगं मुळातच वरच्या पट्ट्यात पातळ आणि थोडी चरचरीत असतात. ट्विटर उठावदार असलेल्या स्पीकरवर ती गाणी ऐकणं म्हणजे शिक्षा. असं म्हणणाऱ्या मालकाला विचारा, ‘हे घेतल्यापासून जुनी गाणी जास्त ऐकता की कमी?’ प्रामाणिक माणूस क्षणभर थांबतो.

‘अ‍ॅम्प तगडा लागतो.’ यातला बराचसा भाग मोजता येतो, पुढच्या पायरीत.

‘बायकोलाही आवडले.’ हे दिसण्याबद्दलचं मत आहे. त्याला कमी लेखू नका, हॉलमध्ये कमरेच्या वर उंच दोन पेट्या वीस वर्षं उभ्या राहणार आहेत.

## ४. आकडे तीनच बघा

सेन्सिटिव्हिटी. दिलेल्या विजेवर स्पीकर किती मोठ्याने बोलतो ते हा आकडा सांगतो: एक मीटरवर २.८३ व्होल्टला किती डेसिबल. मेख अशी की ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॉट. म्हणून ४ ओहमवाल्याच्या आकड्यातून ३ डेसिबल मनातल्या मनात वजा करा, मगच तुलना करा. मॅग्नेपॅन १.७आयला कंपनी ८६ डेसिबल देते आणि तो ४ ओहमचा आहे, म्हणजे वॉटच्या हिशेबात ८३. दुसऱ्या टोकाला १९४६ पासून बनत आलेला क्लिप्शहॉर्न, ज्याचा कंपनीचा आकडा १०५ आहे. दर ३ डेसिबलला दुप्पट वॉट लागतात, त्यामुळे हा फरक शंभरपटीहून मोठा होतो. क्लिप्शहॉर्नचा मालक ‘आठ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प भरपूर होतो’ म्हणाला तर ते त्याच्यापुरतं शंभर टक्के खरं. तुम्ही ते ऐकून ८६ डेसिबलच्या स्पीकरला आठ वॉट लावू नका, एवढंच.

किमान इंपिडन्स. इंपिडन्स म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध, तो ओहममध्ये मोजतात आणि स्वरागणिक बदलतो. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘८ ओहम’ असतं आणि बारीक अक्षरांत किमान आकडा. फोकल एरिया ९३६ वर ८ ओहम लिहिलेलं असतं, किमान मात्र २.८. बाउअर्स अँड विल्किन्सच्या ८०१ डी४ वरही ८ ओहम, किमान ३. अशा जागी अ‍ॅम्पला करंट जास्त द्यावा लागतो आणि साधा एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प) तिथे धापा टाकतो. मालक ज्याला ‘तगडा अ‍ॅम्प’ म्हणतात तो हाच मामला. अ‍ॅम्पच्या माहितीत ८ ओहमला जेवढे वॉट आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट ४ ओहमला दिलेले असतील तर बिनधास्त घ्या. ४ ओहमचा आकडाच छापलेला नसेल तर दुकानदाराला का नाही ते विचारा.

वॉटचा बाऊ मात्र करू नका. ८७-८८ डेसिबलचे स्पीकर, दहा फुटांवर बसायचं, घरगुती पातळीला ऐकायचं, तर सरासरी एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा जोर येतो तेव्हा क्षणभर त्याच्या शंभरपट लागू शकतात. चांगला ६०-८० वॉटचा अ‍ॅम्प बहुतेक फ्लॅटना पुरतो.

वजन. हसू नका. एरिया ९३६ एक नग २९ किलो, तो दोघं जण उचलतात. ८०१ डी४ चा एक नग शंभर किलोच्या आसपास. लिफ्टच्या दाराची उंची, जिन्याचं वळण आणि सोसायटीच्या वॉचमनची मर्जी हे सगळं आधी बघा. हमाली कुणाकडे आणि किती मजल्यांपर्यंत, हे बिलाआधी ठरवून घ्या.

‘२५ हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ’ असल्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांनी भुलू नका. त्यामागे किती डेसिबलची सूट धरली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. त्यापेक्षा स्वतंत्र मोजमापाचे आलेख बघा. स्टिरिओफाइल हे अमेरिकी मासिक समीक्षेसोबत असे आलेख देतं. समोरची रेघ बऱ्यापैकी सपाट आणि बाजूला जाताना ती हळूहळू, गुळगुळीत उतरणारी असेल तर तो स्पीकर पडद्याआडच्या चाचण्यांत सहसा वर येतो. टूल-ऑलिव्हच्या पुढच्या संशोधनाचं सारही हेच.

## ५. ऐकायला जाताना

शोरूमची खोली गालिचे, पडदे, पॅनल लावून सजवलेली असते. तिथे आवाज कसा आहे यापेक्षा दोन स्पीकरमधला फरक काय आहे हे ऐका. विक्रेता एकातून दुसऱ्यावर जाताना आवाज किंचित वाढवतो, कधी मुद्दाम, कधी नकळत. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. म्हणून फोनवरच्या ॲपने दोन्हींची पातळी एकसारखी करून घ्या. एका डेसिबलच्या आत आणली की झालं. त्यांची ‘डेमो’ची गाणी नम्रपणे थांबवा आणि आपला पेन ड्राइव्ह लावा.

माझी यादी अशी असते: तंबोऱ्यावर नुसता आलाप, कारण आवाज आणि तंबोरा वेगवेगळे कळायला हवेत. डग्ग्याची मींड, तिचं कारण वर आलंच आहे. संवादिनीचा एक लांब सूर, कारण रीडचा कोरडेपणा वाईट ट्विटरवर लगेच टोचतो. एक जुनं मोनो गाणं, जे दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, एका ठिपक्यातून यायला हवं. आणि एक खूप गर्दीचं, ढोल-ताशा किंवा ऑर्केस्ट्रा, ज्यात सगळं एकमेकांत कालवलं जातंय का ते कळतं.

पंधरा मिनिटं हळू आवाजात ऐका. फ्लॅटमध्ये आयुष्यभर आपण तसेच ऐकणार आहोत. रात्री दहानंतर तर नक्कीच, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची शाळेत जाणारी मुलं झोपलेली असतात. जो स्पीकर हळू आवाजात मरगळतो तो मोठ्याने कितीही दणदणीत असो, आपल्या कामाचा नाही. नंतर पाऊण तास सलग, गप्पा न मारता ऐका. उठावंसं वाटलं तर का वाटलं ते लिहून ठेवा.

मालकाच्या घरी ऐकायला मिळालं तर ते शोरूमपेक्षा दहापट बरं. तिथे थोडं भान ठेवा. कोनला, ट्विटरला बोट लावायचं नाही. त्याच्या आवडीचं आधी ऐकायचं, मग आपलं लावायचं. अधूनमधून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐका, चांगला स्पीकर तिथूनही माणूस गातोय असंच वाटायला लावतो. आणि किंमत घरच्यांसमोर अजिबात विचारू नका. बऱ्याच घरांत तो आकडा निम्माच सांगितलेला असतो.

## ६. पैसे देण्याआधी

नवे घेताना. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर असायलाच हवा, पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. स्टिकर नसेल तर माल अधिकृत वाटेने आलेला नाही असं समजा. किंमत वीस-पंचवीस टक्के कमी दिसते, पण पुढे ड्रायव्हर गेला की इथला वितरक हात वर करतो. बरीचशी वॉरंटी ज्या देशात खरेदी केली तिथेच चालते, हे परदेशातून नातेवाइकांकरवी मागवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं. शिवाय साधे स्पीकर कुठल्याही देशाचे चालतात, पण अमेरिकेतले अ‍ॅम्प्लिफायर आणि आत अ‍ॅम्प असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर बरेचदा फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला थेट लावले तर धूर निघतो.

जपून ठेवायची कागदपत्रं:

- जीएसटीचं बिल, त्यावर दोन्ही नगांचे सिरियल नंबर
- शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि ‘जळालेली कॉइल (ड्रायव्हरमधली तारेची गुंडाळी) धरतात का’ याचं लेखी उत्तर (सहसा धरत नाहीत)
- खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो
- परत करायची किंवा बदलून द्यायची मुदत, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी

आणि खोकी फेकू नका. माळ्यावर जागा खातात, घरचे ओरडतात, तरीही फेकू नका. मूळ पॅकिंगशिवाय शंभर किलोचा स्पीकर दुसऱ्या गावी धडपणे जात नाही आणि विकताना किंमतही पडते.

सेकंडहँड घेताना. दोन्ही नगांचे सिरियल नंबर जोडीचे आहेत का बघा. कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने अगदी हलकेच दाबा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हा फोम दहा-पंधरा वर्षांत चिकट होऊन भुगा पडतो. रबराची रिंग जास्त टिकते. फोम बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ, हळू आत दाबून सोडा, खरखर आली तर कॉइल घासतेय. मल्टिमीटरने दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलवर (मागे वायर जोडायच्या जागी) रोध मोजा. मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर मधल्या पट्ट्या काढून प्रत्येक जोडी वेगळी मोजा. डाव्या-उजव्याचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. वूफरच्या टर्मिनलला एकीकडे ४ आणि दुसरीकडे साडेसहा आलं तर कुणीतरी वूफर बदललाय. ट्विटरला कान लावून हळू आवाजात ऐका, बंद पडलेला ट्विटर मोठ्या आवाजात वूफरच्या गोंगाटात लपतो.

टोकन देण्याआधी तासभर वाजवून बघायला मिळत नसेल तर तो सौदा सोडा.

## ७. घरी आल्यावर

सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, ती पहिली अडचण. भिंतीजवळ बेसच्या सगळ्याच घुमा एकत्र फुगतात. सोफा दोन-अडीच फूट पुढे आला तर जेवढा फरक पडतो तेवढा लाखभर रुपयांच्या केबलनेही पडत नाही. अगदी मधोमधही बसू नका, तिथे सगळ्यात खालचा स्वर गायब होतो.

स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर ठेवून सुरुवात करा, दोघांमध्ये सात-आठ फूट. फरशीवर मास्किंग टेपने खूण करा, मग अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकवत डग्ग्याची तीच मींड परत परत ऐका. दोन फुटांवर साधारण १४० हर्ट्झला एक खड्डा पडतो, तीन फुटांवर तो ९४ च्या आसपास सरकतो. मागच्या भिंतीपासूनचं आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात. जागाच नसेल तर पोर्टमध्ये कंपनीने दिलेले फोमचे बोळे घालून बघा, ते त्यासाठीच दिलेले असतात.

स्पीकर तुमच्याकडे किती वळवायचे, हे मालकांच्या मतांवर सोडू नका, कंपनीचं माहितीपुस्तक वाचा. डेन्मार्कची डाली आपले स्पीकर सरळ समोर तोंड करून ठेवायला सांगते, इतर काही जण थेट कानाकडे वळवायला. डालीच्या स्पीकरला ‘ब्राइट’ (वरच्या स्वरांत तिखट) म्हणणारा एखादा मालक त्यांना आत वळवून बसलेला सापडतो.

वायर लावल्यावर लाल-काळं पुन्हा तपासा. एक स्पीकर उलटा जोडला गेला की आवाज मधोमध न येता डोक्याभोवती फिरतो आणि बेस नाहीसा होतो.

व्हिट्रिफाइड टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंती यांनी आवाज कडक होतो. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी, सरकत्या खिडकीवर जाड पडदा आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढ्याने निम्मं काम होतं. मापन-माइक आणलात तर खोलीच्या घुमेचे उंचवटे इक्वलायझरने खाली आणा, खड्डे भरायला जाऊ नका. तिथे कितीही वॉट ओतले तरी खोली ते गिळते आणि वूफर बिचारा फुकट धापा टाकतो.

हे सगळं झाल्यावर, महिन्याभराने, आपलं मत वहीत लिहा. हॉलचं माप, अंतरं, अ‍ॅम्प, ऐकण्याची पातळी यांच्यासकट. पुढचा घेणारा तुमच्याकडे येणारच आहे.

## ८. पहिला पावसाळा

स्पाइक्सखाली (स्पीकरच्या टोकदार पायांखाली) धातूच्या चकत्या ठेवा, टाइलही वाचते आणि पावसाळ्यात गंजाचे डागही पडत नाहीत. घरात लहान मूल असेल तर सोबतचा रुंद पाया लावल्याशिवाय उंच स्पीकर उभाच करू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज अर्धा तास तरी अ‍ॅम्प चालू ठेवा, टर्मिनल वर्षातून एकदा सोडवून कोरड्या फडक्याने पुसा.

आणि लादी पुसणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: स्पीकरच्या भोवती वीतभर जागा कोरडीच ठेवायची, तिथे फडकं पिळून, हाताने पुसायचं. लाखांच्या स्पीकरचीही पेटी बहुतेक वेळा एमडीएफचीच असते, आणि खालच्या कडेतून पाणी मुरलं की ती फुगते. फुगलेल्या कडेला वॉरंटी नाही.